मोझांबिक तिलापियाचं मूळ क्षेत्र कुठून कुठवर?

प्रश्न थोडक्यात असा आहे: उजनीच्या चिलापीवर, म्हणजे तिलापिया माशावर, मराठीत लिहिताय आणि सोबत आफ्रिकेचा नकाशा द्यायचा आहे. जीबीआयएफ या सजीवांच्या नोंदींच्या जागतिक डेटाबेसवरून मोझांबिक तिलापियाच्या नोंदी उतरवल्या, तर ठिपके पार केपपासून केनियापर्यंत पसरले. दक्षिणेची हद्द एका ठिकाणी अल्गोआ उपसागर दिली आहे, दुसऱ्या ठिकाणी बुशमन्स नदी. तिसरीकडे नुसतंच ‘आफ्रिकेचा दक्षिण भाग’ म्हणून सोडून दिलंय. यातलं खरं काय धरायचं आणि असं क्षेत्र ठरवतात तरी कसं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. ओरिओक्रोमिस मोसाम्बिकस (मोझांबिक तिलापियाचं शास्त्रीय नाव) हा मासा मुळात झांबेझीच्या खालच्या भागातला, म्हणजे काहोरा बासाच्या घळीखालच्या पाण्यातला. मलावी सरोवरातून येऊन झांबेझीला मिळणाऱ्या शिरे नदीचाही फक्त खालचा भाग त्याचा. तिथून दक्षिणेला मोझांबिकच्या किनारी मैदानातून समुद्राला मिळणाऱ्या नद्या येतात: पुंग्वे, बुझी, सावे, लिम्पोपो, इंकोमाती, मापुतो-फोंगोलो. लिम्पोपोतून तो बराच आतवर शिरतो. फोंगोलोच्या दक्षिणेला मात्र त्याचं क्षेत्र चिंचोळं होत जातं आणि किनाऱ्याला धरून दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केप प्रांताच्या बुशमन्स नदीपाशी संपतं. ऑरेंज नदी त्याची नाही. व्हिक्टोरिया धबधब्यावरची झांबेझी, मलावी सरोवर, केनिया, वेस्टर्न केप, नामिबिया यांतलं काहीही त्याचं नाही. तुमच्या नकाशावरचे निम्म्याहून जास्त ठिपके पुसावे लागले तरी दचकू नका.

आता कारणांकडे. मी हे काम करताना एक गोष्ट कसोशीने पाळतो: नकाशावर जिथे हद्द आखली, तिथे मासा का थांबला हे सांगता आलं पाहिजे. धबधबा असेल, थंडी असेल, जागा आधीच बळकावून बसलेला भाऊबंद असेल, काहीही असो, पण कारण हवं. कारण सापडत नसेल तर ती हद्द माशाची नसून नोंदी करणाऱ्यांची असण्याची शक्यता दाट असते. कुठवर रस्ता होता, कुठवर मोहीम गेली, कुठे युद्ध चालू होतं, एवढंच ती सांगत असते.

सुरुवात ठिपक्यांपासून न करता नावापासून करा. या माशाचं शास्त्रीय वर्णन विल्हेल्म पीटर्स या जर्मन निसर्गतज्ज्ञाने १८५२ मध्ये प्रसिद्ध केलं. १८४० च्या दशकात त्याने मोझांबिकमध्ये काही वर्षं काढली होती आणि नमुने बर्लिनच्या संग्रहालयात नेले होते. म्हणजे या नावाचा मूळ मासा झांबेझीच्या खालच्या भागातला आणि लगतच्या किनाऱ्यावरचा आहे. ही खुंटी पक्की. पण पुढची शंभर-सव्वाशे वर्षं ‘तिलापिया मोसाम्बिका’ हे नाव आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या कितीतरी माशांना सैलपणे लावलं गेलं. थोडा काळसर, मोठ्या तोंडाचा, अंडी तोंडात वागवणारा तिलापिया दिसला की तो मोसाम्बिका. हा गुंता सोडवला तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या एथलविन ट्रेवावास यांनी. त्यांचा या गटावरचा मोठा ग्रंथ १९८३ चा, पण त्याआधी १९६६ मध्येच त्यांनी दोन गाठी उकलल्या होत्या आणि त्या दोन्ही तुमच्या नकाशाच्या कामाच्या आहेत.

पहिली गाठ मधल्या झांबेझीची. व्हिक्टोरिया धबधबा आणि काहोरा बासाची घळ यांच्या मधल्या पाण्यातला तिलापिया मोसाम्बिका नसून वेगळी जात आहे, हे त्यांनी दाखवलं. तीच आजची ओरिओक्रोमिस मॉर्टिमेरी. आता हे पाहा: करिबा धरणाचे दरवाजे डिसेंबर १९५८ मध्ये बंद झाले, जगातला तेव्हाचा सगळ्यात मोठा कृत्रिम जलाशय भरू लागला आणि माशांचे अभ्यासक तिकडे लोटले. त्या पहिल्या वर्षांतल्या लिखाणात करिबाचा मासा सरसकट ‘तिलापिया मोसाम्बिका’ म्हणून येतो. त्या नोंदी आज जशाच्या तशा डेटाबेसमध्ये चढल्या की आधुनिक नाव आपोआप ओरिओक्रोमिस मोसाम्बिकस होतं, आणि करिबावर ठिपक्यांचा पुंजका उभा राहतो. मासा खरा, जागा खरी, नाव तेवढं दुसऱ्याचं.

दुसरी गाठ झांझिबारची. मलाक्कात हिकलिंग या मत्स्यतज्ज्ञांनी मलायातल्या ‘मोसाम्बिका’ माद्या आणि झांझिबारहून आणलेले ‘मोसाम्बिका’ नर यांचा संकर केला, तेव्हा पिल्लं सगळी नर निघाली. १९६० मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि मत्स्यशेतीत खळबळ उडाली. एकाच जातीच्या दोन वाणांत असं व्हावं हेच चमत्कारिक होतं. झांझिबारचे नर मुळात मोसाम्बिका नव्हतेच. ती टांझानियाच्या वामी नदीकडची हॉर्नोरम ही दुसरी जात होती. त्यामुळे टांझानिया, झांझिबार आणि केनियाच्या किनाऱ्यावर मोसाम्बिकाचा जुना ठिपका दिसला की मी तो आधी बाजूला काढतो आणि मग पुरावा मागतो, उलटं नाही. तुमच्या नकाशावरचे केनियातले ठिपके एकतर असे, नाहीतर माणसाने सोडलेल्या माशांचे.

यावरून एक काम निघतं. प्रत्येक नोंदीपुढे दोन वर्षं लिहा: मासा पकडल्याचं वर्ष आणि त्याला नाव दिल्याचं वर्ष. १९६६ पूर्वी ओळखलेला आणि नंतर कोणीच न तपासलेला नमुना मधल्या झांबेझीतला किंवा टांझानियातला असेल, तर त्याचं मत धरायचं नाही. बरणी संग्रहालयात शाबूत असेल तर फोटो मागवता येतो. दक्षिण आफ्रिकेत मखांडाला, म्हणजे पूर्वीच्या ग्रॅहॅम्सटाउनला, साउथ आफ्रिकन इन्स्टिट्यूट फॉर ॲक्वॅटिक बायोडायव्हर्सिटीचा मोठा मत्स्यसंग्रह आहे. या भागासाठी पहिली विचारणा मी तिथे करतो.

फोटोत काय पाहायचं? गुदपराचे, म्हणजे पोटाखाली शेपटीकडच्या पराचे, काटे मोजा. मोसाम्बिकसला तीन असतात. त्याच पाण्यात राहणारा प्लॅसिडस आणि शिरेच्या वरच्या अंगाचा शिरानस या जवळच्या जातींना बहुधा चार. शेपटीवर नीट आखल्यासारखे उभे पट्टे असतील तर नाईल तिलापियाचा संशय घ्या. कल्ल्याच्या पहिल्या कमानीवरचे खालचे दाते मोजता आले तर उत्तम, कारण नाईल तिलापियात ते जास्त असतात. वयात आलेला नर सगळ्यात सोपा: अंग काळं, गळा नि गाल पांढरट, पाठीवरच्या पराला आणि शेपटीला लाल कड, तोंड एवढं वाढलेलं की कपाळाची रेघ आत दबलेली दिसते. पण बरणीत रंग उरत नाही, आणि लहान पिल्लांवरून तर भल्याभल्यांनी सांगू नये. लेबलवर नुसतं ‘पिल्लं’ असेल तर ती नोंद हद्द ठरवायला वापरू नका. क्षेत्राच्या आत पडत असेल तर खुशाल राहू द्या.

आता ठिपक्यांच्या जागेविषयी. लेबलावरची जुनी नावं ओळखणं हा निम्मा उद्योग आहे: लोरेन्सु मार्किश म्हणजे आजचं मापुतो, सॅलिसबरी म्हणजे हरारे, पोर्ट नाताळ म्हणजे डर्बन, न्यासालँड म्हणजे मलावी. यातलं सॅलिसबरी मुद्दाम पाहा. हरारेजवळची मन्यामे नदी उत्तरेला वाहत जाऊन मधल्या झांबेझीला मिळते, म्हणजे नैसर्गिकरीत्या तो मॉर्टिमेरीचा मुलूख. बंदराच्या नावाने आलेल्या नोंदींवरही डोळे झाकून विश्वास नको. मासा आतल्या नदीतला आणि लेबलावर जहाज जिथून सुटलं ते गाव, असं एकोणिसाव्या शतकात सर्रास व्हायचं.

दक्षिण आफ्रिकेच्या नोंदींत आणखी एक खोच आहे. तिथे बरीच वर्षं पाव अंशाच्या चौकोनांत नोंदी करायची पद्धत होती. पंधरा मिनिटांचा चौकोन, बाजू साधारण पंचवीस किलोमीटर, आणि संगणकावर चढवताना ठिपका चौकोनाच्या मध्यावर. सपाट मुलखात याने काही बिघडत नाही. पण ड्रॅकेन्सबर्ग डोंगररांगेच्या कडेला असा ठिपका सहज जलविभाजक ओलांडतो: मासा पूर्वेकडे उतरणाऱ्या नदीतला आणि ठिपका ऑरेंजच्या खोऱ्यात. जिथे अक्षांश-रेखांश हटकून साडेसात, साडेबावीस, साडेसदतीस किंवा साडेबावन्न मिनिटांवर संपताना दिसतील, तिथे ही भानगड आहे समजा. अशी नोंद खोट्यात काढू नका, लेबलावरच्या नदीच्या नावाकडे परत जा.

आणि ‘मूळचा की आणलेला’ हा रकाना? तो आहे, पण बहुतेक नोंदींत रिकामा. त्याच्या भरवशावर गाळणी लावली तर हाती काही लागणार नाही.

एवढं झाल्यावर उरलेले ठिपके खोऱ्यांच्या नकाशावर ठेवा. गोड्या पाण्यातल्या माशाचं क्षेत्र कधीही ठिपक्यांभोवती फुगीर कडं काढून दाखवू नये. पक्ष्यासाठी ते चालेल; मासा डोंगर चढून पलीकडच्या नदीत उतरत नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेचे नकाशेही म्हणूनच हायड्रोबेसिन्स नावाच्या उपखोऱ्यांच्या तुकड्यांवर रंगवतात. तीच फाइल फुकट मिळते, तुम्हीही तीच घ्या.

झांबेझीत तुम्हाला लगेच दिसेल की नदी एक असली तरी माशांच्या दृष्टीने तिचे तीन तुकडे आहेत. व्हिक्टोरिया धबधब्याच्या वर अँडरसोनी आणि मॅक्रोचिर हे तिलापिया, धबधबा आणि काहोरा बासाच्या मध्ये मॉर्टिमेरी, त्याखाली मोसाम्बिकस. वरची झांबेझी भूतकाळात दक्षिणेला, लिम्पोपोच्या दिशेने वाहत असावी आणि मधल्या झांबेझीने तिला नंतर ओढून घेतलं असं भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. वरच्या पाण्यातले मासे ओकावांगोशी जवळचे आणि खालच्यांपासून तुटक का, हे त्यातून बरंच उलगडतं. खालची अडचण मात्र डोळ्यांनी पाहण्यासारखी होती, १९७४ मध्ये काहोरा बासाच्या जलाशयात पाणी साठू लागेपर्यंत. १८५८ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच घळीतल्या खळाळांपाशी अडकला. नदीतून आत जलमार्ग उघडण्याचं त्याचं स्वप्न तिथे संपलं आणि दुसऱ्या वर्षी तो शिरे नदीने वर गेला, तर तिथे मर्चिसन प्रपातांनी वाट अडवली. कापिचिरा धबधबा त्याच साखळीतला. गंमत अशी की लिव्हिंग्स्टनची बोट जिथे दोन्ही वेळा अडली, नेमक्या त्याच दोन जागी मोसाम्बिकसही थांबतो. कापिचिराच्या वर शिरानस आणि मलावी सरोवराचे चांबो नावाचे तिलापिया. खाली एलिफंट मार्शच्या दलदलीत आपला मासा. पश्चिमेची आणि वायव्येची हद्द म्हणून यापेक्षा स्वच्छ कारण मागायची गरज नाही.

उत्तरेला असा कडा नाही. मोझांबिकच्या क्वेलिमाने शहराच्या परिसरातल्या किनारी नद्यांपर्यंत त्याला धरायला हरकत नाही. पुढे टांझानियाच्या सीमेवरच्या रुवुमा नदीकडे जाताना दुसरे जवळचे ओरिओक्रोमिस सुरू होतात. मधल्या पट्ट्यातल्या नोंदी विरळ आहेत आणि ओळखी डळमळीत आहेत. तिथे मी ठाम रेघ ओढत नाही, तुटक ओढतो.

सगळ्यात रंजक आहे दक्षिणेची बाजू. तुमचा मूळ प्रश्नही तिथलाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फोंगोलोपर्यंत हा मासा नदीत, पाणथळीत, पुराच्या तळ्यांत सगळीकडे आहे. त्याच्या दक्षिणेला नैसर्गिकरीत्या तो फक्त किनाऱ्यालगत सापडतो: नद्यांचे शेवटचे सखल भाग आणि विशेषतः ज्या खाड्यांचं मुख वाळूच्या दांड्याने बराच काळ बंद असतं त्या खाड्या. दक्षिण आफ्रिकेच्या गोड्या पाण्यातल्या माशांवर ज्यांचं काम प्रमाण मानलं जातं त्या पॉल स्केल्टन यांनी हद्द अशीच दिली आहे, आणि शेवट बुशमन्स नदीवर. आता प्रश्न: नदीत मोकळं गोडं पाणी असताना हा खाडीच्या खारट डबक्यात का बसतो?

उत्तर थंडी आणि मीठ यांच्या जोडीत आहे. हा उष्ण प्रदेशातला मासा. पाणी दहा-अकरा अंशांच्या आसपास आलं की गोड्या पाण्यात त्याच्या शरीरातले क्षार सांभाळण्याचं काम कोलमडतं. सोडियम, क्लोराइड बाहेर झिरपत जातात आणि मासा मरतो. पण पाण्यात थोडं मीठ असेल तर हा ओढा कमी होतो. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हेच दिसलं: अकरा अंशांना गोड्या पाण्यात मासे ढेपाळले आणि दर हजारी पाच भाग क्षार असलेल्या पाण्यात तगून राहिले. समुद्राचं पाणी दर हजारी पस्तीस असतं, म्हणजे ही मचूळ पाण्याची गोष्ट आहे. दक्षिणेच्या हिवाळ्यात नदीच्या वरच्या अंगाला मचूळ पाणी मिळणार नाही, खाडीत मिळतं. शिवाय किनाऱ्याला समांतर अगुल्हास हा उबदार सागरी प्रवाह वाहतो, त्यामुळे समुद्रकाठ आतल्या पठारापेक्षा उबदार राहतो. बंद खाडीच का? भरती-ओहोटीच्या जोरात याचा निभाव लागत नाही. नराला काठाच्या उथळ, शांत पाण्यात तळाला खळगे करून मादीला बोलवायचं असतं.

हे कळलं की दुसरं एक कोडंही सुटतं. एकमेकींना न मिळणाऱ्या, आपापल्या वाटेने समुद्रात जाणाऱ्या इतक्या नद्यांत एकच जात पोचली कशी? या माशाला मीठ सोसतं, नव्हे, पचतं. क्वाझुलु-नाताळच्या सेंट लुशिया सरोवरात पाणी समुद्राच्या तिपटीहून खारट झालं तेव्हाही तो तिथे आढळला आहे. हिमयुगात समुद्र सध्यापेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली होता, किनारी मैदान रुंद होतं, आज वेगळ्या दिसणाऱ्या नद्यांची मुखं तेव्हा जवळ आली असणार. पुराच्या वेळी किनाऱ्यालगत गोडसर पाण्याचा पट्टा पसरतो. अशा माशाला एका मुखातून दुसऱ्या मुखात जायला पिढ्यान्पिढ्यांचा अवधी होता. म्हणून याच्या बाबतीत ‘खोरं वेगळं, म्हणजे मासा परका’ हा नेहमीचा नियम किनाऱ्यावर लागू होत नाही आणि आतल्या भागात कडकपणे लागू होतो. प्रत्येक जातीचा असा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो. सरसकट सूत्र चालत नाही.

तर अल्गोआ की बुशमन्स? ट्रेवावास यांनी अल्गोआ उपसागरापर्यंत म्हटलं, स्केल्टन बुशमन्सवर थांबतात. नकाशा उघडून पाहिलात तर बुशमन्सचं मुख आणि अल्गोआ उपसागरातलं संडेज नदीचं मुख यांच्यात शंभर किलोमीटरही किनारा नाही. मोठ्या नकाशावर हा पेन्सिलीच्या जाडीचा वाद आहे. पण तो निष्काळजीपणाने मिटवू नये, कारण नेमक्या या पट्ट्यात माणसाचा हात फार लागला आहे. धरणांत आणि शेततळ्यांत हा मासा लोकांनी सोडलेला आहे, आणि पुरात शेततळं फुटलं की मासे खाली खाडीत. आज खाडीत मिळालेला मासा तिथला जुना रहिवासी की वरून आलेला, हे नुसतं पाहून कळत नाही. मी बुशमन्सपर्यंत भरीव रंग भरतो आणि संडेजपर्यंत ‘शंकास्पद’ म्हणून रेषांकित पट्टा ठेवतो.

माणसाच्या हाताचा माग काढायला तारखा लागतात. याच भागातलं ठळक उदाहरण म्हणजे ऑरेंज-फिश बोगदा. १९७५ मध्ये सुरू झालेला ऐंशीहून जास्त किलोमीटर लांबीचा हा बोगदा ऑरेंज नदीचं पाणी ग्रेट फिश नदीत आणतो आणि पाण्यासोबत ऑरेंजचे मासेही तिकडे गेले. आफ्रिकन मागूर त्यातलाच. म्हणजे ग्रेट फिशमधला मागूर १९७५ नंतरचा असेल तर मूळ क्षेत्रात धरता येत नाही, माशाने स्वतःच्या बळावर पोहत ते अंतर कापलं असलं तरीही. आपल्या तिलापियाचं उलट आहे. त्याला बोगदा लागला नाही. बास या शिकारी माशाला खाद्य म्हणून, मासेमारीच्या हौसेसाठी, मत्स्यशेतीसाठी माणसांनी त्याला केपच्या नद्यांत, ऑरेंजच्या खालच्या भागात, नामिबियात नेलं. एखाद्या खोऱ्यात पहिली नोंद धरणानंतर किंवा मत्स्यबीज केंद्र सुरू झाल्यानंतरची असेल आणि त्याआधीच्या चांगल्या सर्वेक्षणात मासा नसेल, तर बाजू परकेपणाची. ‘चांगल्या’ हा शब्द मोलाचा आहे. आधीच्या लोकांनी फक्त मोठ्या आसाचं गिलनेट लावलं असेल, तर त्यांना लहान मासे मिळाले नाहीत याला काही किंमत नाही.

नोंद नाही म्हणजे मासा नाही असं समजण्याचा उलट धोकाही आहे. नोथोब्रँकियस फुर्झेरी या इवल्या माशाची कथा सांगण्यासारखी आहे. तो १९६८ मध्ये झिंबाब्वेच्या गोनारेझू भागात पावसाळी डबक्यात मिळाला, १९७१ मध्ये त्याला नाव मिळालं आणि पुढे किती वर्षं त्याचं क्षेत्र म्हणजे तेवढा एक कोपरा. सीमेपलीकडे मोझांबिकमध्ये १९७७ ते १९९२ यादवी युद्ध चाललं होतं, सुरुंग पेरलेले होते. तिथे डबकी हुडकायला कोण जाणार? शांतता झाल्यावर लोक गेले, तेव्हा हा मासा दक्षिण मोझांबिकात चांगलाच पसरलेला निघाला. मोझांबिकमधल्या त्या वर्षांतल्या कोऱ्या जागा कुठल्याही जातीच्या नकाशावर अशाच वाचायच्या. आणि जाता जाता, या डबक्यातल्या माशांना खोऱ्याचं गणितही पुरत नाही. त्यांची अंडी सुक्या चिखलात पडून राहतात, तिथे मातीचा प्रकार पाहावा लागतो.

आता जनुकीय पुरावा. हल्ली पहिला प्रश्न हाच येतो की डीएनए काढून एकदाचा सोक्षमोक्ष का लावत नाही. लावता येतो, पण या माशात नवीनच पीडा आहे. नाईल तिलापिया मत्स्यशेतीतून सुटून १९९० च्या दशकात लिम्पोपोच्या खोऱ्यात सापडू लागला आणि मोसाम्बिकसशी त्याचा संकर होतो, संकराची पिल्लं प्रजननक्षम असतात. त्यामुळे लिम्पोपोत मूळ क्षेत्राच्या ऐन मध्यावर पकडलेला मासाही शुद्ध असेलच असं नाही. मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणून बाप नाईल तिलापिया असेल तर त्या चाचणीत तो दिसतच नाही. पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएच्या खुणाही तपासाव्या लागतात. हद्द ठरवायला मी जुन्या, संकर सुरू होण्याआधीच्या बरण्यांना नव्या डीएनएपेक्षा वरचं स्थान देतो. नवा डीएनए दुसऱ्या कामाचा: मूळ क्षेत्रात अजून कुठे भेसळ झालेली नाही ते शोधायला. ते शोधणं निकडीचं आहे. हाच मासा जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे आणि स्वतःच्या घरी आययूसीएनच्या लाल यादीत असुरक्षित म्हणून नोंदला गेला आहे. मूळ क्षेत्राचा नकाशा चुकला तर कुठे त्याला जपायचं आणि कुठे हटवायचं हेच चुकतं.

उजनीशी दुवा जोडताना एक काळजी घ्या. भारतात हा मासा १९५२ मध्ये श्रीलंकेहून तमिळनाडूतल्या मंडपमला आला. पण आशियातला त्याचा साठा मोझांबिकहून थेट आणलेला नाही. १९३९ मध्ये जावाच्या दक्षिण किनाऱ्यावर सेरांग नदीच्या मुखाशी तो मूठभर संख्येने सापडला. तिथवर कसा आला याचा पत्ता नाही. आशियातला बराचसा साठा त्या मूठभरांच्या वंशातला आहे. तेव्हा नकाशावर मोझांबिकपासून पुण्यापर्यंत थेट बाण काढू नका; जावा आणि श्रीलंका मध्ये दाखवा, आणि आफ्रिका ते जावा हा टप्पा प्रश्नचिन्हाचा ठेवा. शिवाय आज भिगवणच्या बाजारात चिलापी म्हणून जे विकलं जातं त्यात मोझांबिक, नाईल आणि दोघांचे संकर असं काहीही असू शकतं. लेखात ‘उजनीची चिलापी म्हणजे मोझांबिक तिलापिया’ असं ठोकून लिहिण्याआधी काही माशांचे पर आणि कल्ले तपासून घ्या.

नकाशा करताना तीन छटा पुरतात: मूळ, शंकास्पद, आणलेला. मूळ क्षेत्र उपखोऱ्यांनी भरा, पण फोंगोलोच्या दक्षिणेला अख्खी उपखोरी रंगवू नका. तिथे किनाऱ्यालगतचे तुकडेच घ्या, नाहीतर ड्रॅकेन्सबर्गच्या बर्फाळ उतारावर चिलापी पोहताना दिसेल. काहोरा बासा आणि कापिचिरा या दोन जागा नावानिशी दाखवा. मॉर्टिमेरी आणि शिरानस यांची क्षेत्रं फिक्या रंगात शेजारी टाकलीत तर हद्द तिथेच का हे वाचकाला वेगळं सांगावं लागणार नाही. खाली टीप द्या की १९६६ पूर्वीच्या मधल्या झांबेझीतल्या आणि पूर्व आफ्रिकेतल्या नोंदी वगळल्या आहेत. क्वेलिमानेच्या उत्तरेकडचे ठिपके अजून राहिलेत, त्यांचे नमुना क्रमांक काढून संबंधित संग्रहालयांना लिहा आणि प्रत्येक माशाच्या गुदपराचा, शेपटीचा आणि पहिल्या कल्ल्याचा असे तीन फोटो मागवा.